फळीची जाडी

जेवणाच्या टेबलावर प्लायवूडचं एक बिनझाकणाचं खोकं.

गुडघ्याला बांधायचा पट्टा, धुऊन मऊ पडलेला.

"माफ करा, पुन्हा सांगाल का?" एवढं एकच वाक्य, परक्या भाषेत, पुरुषी आवाजात, बाथरूमच्या बंद दारामागून, गेला आठवडाभर.

शिलाई मशीनची मोडलेली सुई.

लॅपटॉपच्या कोपऱ्यात घटत चाललेला आकडा.

"बसत नाही," सुतार म्हणाला.

बसत नव्हतीच. बॅग अर्धी खोक्यात गेली आणि रुतून राहिली.

बॅग त्याच्या बायकोने घरी शिवली होती, विमान कंपनीने दिलेल्या मापाची. खोकं त्याने केलं होतं, त्याच मापाचं. स्वस्त तिकिटावर हातातली एकच बॅग नेता येते. विमानतळावर असाच एक सांगाडा ठेवलेला असतो म्हणे. बॅग त्यात उतरली नाही, तर दंड जवळपास तिकिटाएवढा. म्हणून परीक्षा घरीच.

"आई, आटप," लॅपटॉपसमोर बसलेली लेक म्हणाली. "हे पान बंद झालं की हा भाव गेला."

आईने बॅग उपसून काढली. शाल बाहेर ठेवली. पुन्हा घातली बॅग. अडली.

"शेजारचे बघ," सुतार म्हणाला. "टूरवाल्यांबरोबर गेले. बॅगांना हात लावावा लागला नाही. पुढे झेंडा धरलेला माणूस, मागे हे."

"हो, आणि आल्यावर काय पाहिलं विचारलं, तर म्हणे झेंडा."

लेक फिस्कन हसली. तो हसला नाही.

गरम पाण्याची पिशवी बाहेर आली. मग जादाच्या चपला. ती एकेक वस्तू सावकाश काढत होती, आणि प्रत्येक वेळी हात थांबवून नवऱ्याकडे बघत होती. तो खोक्याकडे बघत होता. त्याची स्वतःची बॅग खुर्चीवर घडी घातलेली होती. तिच्यात अजून रुमालसुद्धा गेला नव्हता.

आता तिने पट्टा काढला.

"तो नको," लेक म्हणाली. "तिथली खोली चौथ्या मजल्यावर आहे. लिफ्ट असती तर एवढी स्वस्त मिळाली असती का?"

"मग काय काढू? औषधं काढू?"

"अगं, पट्ट्याशिवाय तू दोन गल्ल्या चालणार नाहीस," सुतार म्हणाला.

"नाही चालणार."

"मग जायचं कशाला?"

त्याने खोक्याच्या कडेवरून अंगठा फिरवला. कड गुळगुळीत होती, पॉलिश पेपर मारलेली. विमानतळावरचं खोकं इतकं सुबक नक्कीच नसणार.

"मी अडवत नाही," तो म्हणाला. "माप सांगतंय. बसत नाही म्हणजे नाही. त्याला मी काय करू?"

"बाबा, मग रद्द करू का? तसं सांगा."

लेकीने बोट पडद्यावरच्या बटणाजवळ नेलं. आईने गळ्यातली टेप ओढून काढली, ब्लाउजांची मापं घ्यायची, आणि खोक्याच्या आत धरली. मग बाहेरून धरली.

"अहो, माप बाहेरून घेतलंत तुम्ही."

त्याने कडेवरचा अंगठा काढून घेतला.

"कपाटाचं घेता तसं. फळीची जाडी मिळवायची राहिली. दोन्हीकडून तेवढी आत आलीये. बॅग बरोबर आहे, खोकंच लहान झालंय."

"बाबा!" लेक हसत सुटली. "जन्मभर लोकांच्या घरी कपाटं बसवलीत, कधी कुणाचा एक ड्रॉवर अडकला नाही, आणि आता आईची बॅग अडकवलीत!"

बायको हसत नव्हती. टेप बोटाभोवती गुंडाळत होती. गुंडाळी पुरी झाली तरी गुंडाळत राहिली.

सुताराने खोकं उचललं. आत पाहिलं, बुडाशी पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणी केलेलं होतं.

"चुकलं," तो म्हणाला.

लेकीचं हसू थांबलं. हा शब्द या घरात त्याच्या तोंडून तिने ऐकला नव्हता.

"होतं," बायको म्हणाली. "तिथेही चुकूच की. रस्ता चुकला की असंच म्हणायचं, मागे फिरायचं आणि दुसरा धरायचा. त्याला भाषा कशाला लागते?"

त्याने मान वर केली. ती त्याच्याकडेच बघत होती. मग त्याने पट्टा उचलला, घडी नीट केली आणि स्वतःच्या हाताने तिच्या बॅगेत घातला. त्यावर शाल. त्यावर गरम पाण्याची पिशवी.

"आकडा संपला का?" त्याने लेकीला विचारलं.

"थोडा वेळ आहे."

"मग भर. आणि माझं नाव पासपोर्टावर आहे तसंच घाल. अक्षर इकडेतिकडे नको."

खुर्चीवरची बॅग उलगडून त्याने तिची चेन उघडली. नवी होती, जरा अडत होती.

त्याच दिवशी सकाळी गॅलरी झाडताना बायकोला प्लायची एक कापून टाकलेली पट्टी सापडली होती. तिच्यावर पेन्सिलीची रेघ होती, जाडी धरून मारलेली, अगदी बरोबर मापावर. आणि त्या रेघेवर त्याच पेन्सिलीची फुली.