सशाला लपवायला मुलं हवीत

"मुलं कुठेत?" मुलांच्या नाटकाचा खेळ घेऊन आलेल्या रादोस्वेतानं विचारलं.

शाळेच्या बुटक्या बाकांवर वीस-तीस म्हातारी माणसं बसली होती. ठेवणीतले कपडे, हात मांडीवर. गावच्या सरपंच स्ताम्नाआजी खाली बघत म्हणाल्या, "येतील."

तिचा साथीदार मेतोदी व्हॅनमधून लांडग्याचा मुखवटा घेऊन आला आणि दारातच थबकला. "फोनवर शाळा आहे म्हणालात ना? हा खेळ मुलांशिवाय होत नाही, आजी. लांडगा आला की मुलं सशाला आपल्यात लपवतात. इथं कोण लपवणार? तुम्ही?"

"जरा थांबा. चहा घ्या."

रोदोपीच्या डोंगरात दुपार लवकर कलते. मेतोदी सामान परत बांधायला लागला, तेवढ्यात विचोआजोबा एका मुलीचा हात धरून आत आले. पाच-सहा वर्षांची, पिवळी टोपी घातलेली.

"ही आमची कालिना," ते धापा टाकत म्हणाले. "एक चालेल ना?"

"एका पोरीमागं ससा कसा लपायचा?" मेतोदी कुजबुजला.

मुलीच्या हातात कापडी ससा देऊन रादोस्वेता तिच्यापुढं उकिडवी बसली. "कालिना, या सगळ्यांचं रान करशील? तू शिवशील त्याचं झाड होईल."

कालिना बाकांमधून पळत सुटली. ती शिवली की एकेक म्हातारं हात वर करून उभं राहायचं. एका आजीला काठी सोडवेना, तिनं एकच फांदी केली. लांडगा गुरगुरत आला तशी कालिनानं सशाला पोटाशी धरलं, आणि सगळं रान तिच्याभोवती सरकलं. लांडगा हुंगत फिरला, स्वतःच्याच शेपटीत अडकून पडला. पोर खदखदून हसली.

लांडग्याकडं कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे तिच्याकडं बघत होते. हात भरून आले तरी एकही फांदी खाली आली नाही.

"परत पाडा त्याला," काठीवाली आजी म्हणाली.

मेतोदी परत पडला. मग आणखी एकदा.

खेळ संपल्यावर कालिनाचे खिसे अक्रोडांनी फुगले. कुणी चीज भरलेली गरम बानित्सा दिली, कुणी लोकरीचे मोजे. प्रत्येकीनं तिला जवळ घेतलं, जरा जास्तच वेळ.

रादोस्वेताला भरून आलं. अख्ख्या गावात एकच पोर. "लाडावून ठेवाल हिला," ती स्ताम्नाआजींना म्हणाली. "कुणाची नात?"

स्ताम्नाआजी कालिनाच्या टोपीचे बंद बांधत होत्या.

"आमच्यातल्या कुणाचीच नाही," त्या म्हणाल्या. "खालच्या गावातून उसनी आणलीय. अंधार पडायच्या आत परत करायचीय."