वाटणीचं चाक

पंढरीनं चौथं चाक हातोडीनं वाजवलं आणि तो थबकला.

आधीची तीन चाकं खणखणीत वाजली होती. हे बद्द वाजलं. त्यानं घासलेटच्या फडक्यानं दातांची मुळं पुसली. एका दाताच्या बुडाशी केसाएवढी काळी रेघ होती.

"कसं आहे ते? बसवायचं?" इंजिनाखालून त्र्यंबकनं विचारलं.

पंढरीनं रेघेवरून चरबीचं बोट फिरवलं. रेघ दिसेनाशी झाली.

"चांगलं हाय. बसवा."

शहाडच्या दौलत पाटलांचं हे वाफेचं इंजिन रुळांवर नाही, मातीवर चालायचं. रेल्वेच्या एका ठेकेदाराकडून पाटलांनी ते जुनंच घेतलं होतं. नदीकाठच्या शेतांतून भाताचे गाडे एकामागे एक जोडून ते वर गिरणीपर्यंत ओढत न्यायचं. पंढरी सहा वर्षं त्यात कोळसा टाकत होता, तेल घालत होता. चालवणारा म्हातारा मागल्या शिमग्यात वारला. ती जागा आपलीच, असं पंढरी धरून चालला होता. पण भातकापणीच्या ऐन हंगामात मागच्या चाकांमधले दात तुटले, आणि पाटलांनी कल्याणच्या रेल्वे कारखान्यातून त्र्यंबकला बोलावून आणलं.

त्र्यंबकनं दोन महिन्यांत सगळं खोललं, घासलं, नवं ओतून घेतलं. दोन मोठ्या चाकांच्या मधे चार छोटी दातेरी चाकं होती. वळणावर एक चाक कमी फिरावं, दुसरं जास्त, अशी ती जोर वाटून द्यायची. त्र्यंबक त्यांना वाटणीची चाकं म्हणे. सगळं तो समजावून सांगायचा, न विचारता.

"उतारावर गाडी आवरतात तीसुद्धा याच दातांनी, बरं का पंढरी. दुसरा ब्रेक या इंजिनाला नाही."

"म्हाईत हाय," पंढरी म्हणायचा. ते त्याला माहीत नव्हतं, आणि याचाच त्याला जास्त राग यायचा.

घरीही त्र्यंबकचंच कौतुक. पंढरीची बायको शालू दुपारी दोघांची भाकरी घेऊन यायची. त्र्यंबकच्या भाकरीवर वालाचं बिरडं जरा जास्तच असायचं.

"परका माणूस हाय, घरापासून लांब," ती म्हणाली. "आन हात काय सफाईचा हाय त्यांचा! बगत रावसं वाटतं."

"मंग बस बगत."

"अहो, असं काय बोलता?"

पंढरी त्यावर जेवलाच नाही.

संक्रांतीच्या आधी एकदा तो पाटलांच्या ओटीवर गेला, तेव्हा आतून बोलणं ऐकू आलं.

"मंग चालवायला माणूस पक्का?" पाटील विचारत होते.

"पक्का," त्र्यंबक म्हणाला. "त्याची जबाबदारी माझी."

पंढरी ओटीवरूनच माघारी फिरला. सहा वर्षं कोळसा त्यानं टाकला होता. दोन महिन्यांचा पाहुणा त्याच्या जागेवर बसणार, आणि शालू खालून कौतुकानं बघणार.

त्यानंतर चौथ्या दिवशी ते चाक बद्द वाजलं.

पंढरी काही पापी माणूस नव्हता. त्यानं सगळा विचार केला होता. पाटील इंजिनाची परीक्षा चढावर घेणार होते. भरले गाडे मागे लावून नदीपासून गिरणीपर्यंत. चढावर दात तुटला, तर इंजिन जागच्या जागी थांबेल. मागे चाकांना अडवायला ओंडके घेऊन माणसं चालणारच होती. कुणाला खरचटणारही नव्हतं. फक्त सगळ्या गावादेखत त्र्यंबकचं नाक कापलं जाणार होतं. मग तो आल्या वाटेनं कल्याणला जाईल.

परीक्षेच्या सकाळी सगळं शहाड नदीवर जमलं. पाटलांनी सर्वांसमोर पंढरीला विचारलं, "काय रे, सगळं ठीक हाय ना?"

"दातन् दात वाजवून बगितलाय, पाटील."

त्र्यंबकनं वाफ सोडली. इंजिन धापा टाकत चढाला लागलं. पंढरी कोळसा टाकत होता, कान मात्र खाली होते. अर्धा चढ झाला. आता, त्याला वाटलं. पाऊण चढ झाला. आता तरी.

काहीच झालं नाही. गिरणीसमोर इंजिन वळलं आणि उभं राहिलं. लोकांनी जल्लोष केला. रिकाम्या झालेल्या गाड्यांत बायका-पोरं हसतखिदळत चढू लागली. पंढरीला तोंड लपवावंसं वाटलं.

पाटलांनी त्र्यंबकच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. त्र्यंबकनं तो काढला आणि पंढरीच्या गळ्यात टाकला.

"मी नुसती चाकं बसवली, पाटील. पारखली यानं."

"म्हंजे?" पंढरी म्हणाला.

पाटील हसले. "अरे, हा उद्या कल्याणच्या कारखान्यात हजर व्हायचा हाय. पयल्या दिवशीच मला बोलला, सहा वर्सं जो या इंजिनाची सेवा करतोय त्यालाच चालवायला देणार असाल, तर मी हात लावतो. नायतर दुसरा माणूस बगा."

त्र्यंबक खाली उतरला होता. "बस वर. जागा तुझीच होती."

माणसांनी ओंडके बाजूला टाकले. दोघांनी हात देऊन पंढरीला वर चढवलं.

"चल, आता उतारावरून खाली नदीवर," पाटील म्हणाले. "बाया उल्हासेची ओटी भरायची म्हणतायत. सोड वाफ!"

पंढरीनं मागे वळून पाहिलं. पहिल्याच गाड्यात शालू बसली होती, धाकट्या लेकीला मांडीवर घेऊन, आणि दोन्ही हात उंचावून त्याच्याकडे बघून हसत होती.