पेचकसाची मूठ

बासष्ट सालची गोष्ट. रस्त्यानं जाणाऱ्या मोटारीत काय बिघडलंय, ते चिखलीचे जानराव मिस्त्री घरात जेवता जेवता नुसत्या आवाजावरून सांगत.

त्या दिवशी लिलावातली लष्करी जीप त्यांच्या अंगणात घरघरत होती. आतला आवाज ऐकायला त्यांनी पेचकस इंजिनावर टेकवला, त्याची लाकडी मूठ बायकोच्या डाव्या कानाशी लावून दिली आणि स्वतः जीपमध्ये बसून ॲक्सिलरेटर दाबला.

“टकटक येते का वं?”

“नाही जी.”

खाली उतरून त्यांनी अशी थापड हाणली, की केसरबाई मडगार्डवर आपटली. “बहिरी हायेस काय? पुन्हा ऐक!”

तिनं ओठावरचं रक्त पुसलं आणि मूठ उजव्या कानाला लावली.



“येते आता. डाव्या कानानं मले पोळ्यापासूनच ऐकू येत नाही. असीच एक हाणली होती तुम्ही.”