पाळणा ऑस्ट्रेलियाला

“लाकडाला किडीची भोकं आहेत का?” बसवेशनं फॉर्मवरची नजर न काढता विचारलं.

“न्हाईत,” सिद्धप्पा म्हणाले.

“हायती,” सुंदरम्मा म्हणाल्या. “खालच्या दांडीला बघ. लिव.”

बसवेशचं पेन थांबलं. अक्कलकोट रोडच्या कारखान्यांतले टॉवेल परदेशी धाडणं हा त्याचा धंदा. टॉवेल निदान आपसात भांडत नाहीत.

टेबलापलीकडे आंब्याच्या लाकडाचा पाळणा होता. यंत्रमागांच्या दुरुस्तीतून सुटी मिळेल तसा सिद्धप्पांनी तो स्वतः घडवला होता, एकुलत्या एका लेकीसाठी, दानेश्वरीसाठी. ती आता मेलबर्नला होती आणि गेल्याच आठवड्यात बाळंत झाली होती. माहेरचा पाळणा पोचेपर्यंत बारसं करायचं नाही, असा सिद्धप्पांचा हुकूम होता. नातवाचा फोटो मात्र अजून त्यांनाही मिळाला नव्हता. सव्वा महिना फोटो नको, दृष्ट लागते, असं सुंदरम्मांनी ठरवून टाकलं होतं.

सोमवारी सिद्धप्पांची बायपास होती. “पाळणा गाडीत चढला की मी टेबलावर चढतो,” असं त्यांनी डॉक्टरांनाही सुनावलं होतं.

“काका, तिकडचा नियम कडक आहे,” बसवेश म्हणाला. “लाकूड, बांबू, वेत, गवत, झाडापासनं झालेलं जे असेल ते जाहीर करायचं.”

“मेण भर, वरनं लाख मार. कोन बघतंय?”

“भिंगातनं बघतात.”

सिद्धप्पा बायकोकडे वळले. “मंडईत चार मिरच्या फुकट उचलती, आन् हितं लई सत्यवादी!”

“लेकीला दंड बसला मंजे?”

सिद्धप्पांनी रागानं पाळण्याला एक झोका दिला. सुंदरम्मांनी झपकन दांडी धरली.

“रिकामा पाळणा हलवू नका!”

आवाज एवढा चढला की बाहेर टॉवेलचे गठ्ठे बांधणारा हमाल आत डोकावला.

“बरं की, बरं,” म्हणत सिद्धप्पा गोळीसाठी पाणी शोधायला बाहेर गेले.

बसवेशनं आवाज खाली केला. “काकू, भोकं लिहिली की माल अडणारच. मग धुरी देऊन कीड मारायची, नाहीतर माघारी आणायचा, नाहीतर तिथंच जाळून टाकायचा. काय करायचं ते आत्ताच सांगून ठेवा.”

“विषाची धुरी द्यायची आन् त्यात लेकरू घालायचं?”

“मग माघारी मागवू.”

“रिकामा पाळणा दारात माघारी? नगं.”

“मग जाळणंच राहिलं. काकांनी हातानं केलेला...”

“तेच लिव. आन् ह्यांना बोलू नगं. ऑपरेशन होऊन जाऊ दे.”

बसवेशनं लिहिलं. सुंदरम्मांनी सही केली. असली खरं बोलणारी बाई गिऱ्हाईक म्हणून ठीक, बायको म्हणून परवडायची नाही, असा हिशेब त्यानं मनातल्या मनात मांडला. घरी जाऊन हा किस्सा रंगवून सांगायचा, हेही ठरवलं.

सिद्धप्पा परत आले. पाळण्याची दांडी त्यांनी तळव्यानं पुसली. “त्याला म्हणावं, आज्जाचा हात लागलाय ह्याला.” मग रिक्षा बघतो म्हणून खाली उतरले.

सुंदरम्मा जिन्यातच थांबल्या. खालून रिक्षावाल्याशी घासाघीस करणारा नवऱ्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा त्यांनी फोन लावला.

“अव्वा,” पलीकडून दानेश्वरी म्हणाली, “पाळणा निघाला?”

“निघाला. पर तुझ्या दारात येत न्हाई, आन् हितं माघारीबी येत न्हाई. अप्पांना सोमवारपातूर कायबी कळायचं न्हाई.” त्यांनी पदर तोंडाशी धरला. “दूध आटायची गोळी घेतलीस का, बाळा?”