न दिसलेली सायकल

"सायकल बोळातून एकदम आडवी आली, साहेब. मला दिसलीच नाही," साक्षीच्या पिंजऱ्यातून नाईकनवरे शपथेवर म्हणाला. सायकलवरून जाताना त्याच्या गाडीने मागून उडवलेल्या दाभोळेबाई समोरच्या बाकावर, सळई घातलेला पाय लांब करून बसल्या होत्या. दुसरा साक्षीदार नव्हता. ही थाप पचली, तर भरपाई बुडणार होती आणि वर चूकही बाईंचीच ठरणार होती.

बाईंची उभी हयात बालवाडीत गेलेली. आपल्या तरुण वकिलाला, मृण्मयीला, त्यांनी सकाळीच शिकवलं होतं, "लाडू चोरणाऱ्या पोराला 'खाल्लास का' असं विचारू नये गं. 'गोड होता का' असं विचारावं."

मृण्मयी उठली. आवाजात साखर पेरून म्हणाली, "अहो, निदान हॉर्न तरी द्यायचात!"

नाईकनवरेच्या अब्रूलाच हात लागला. "म्हणजे? चांगला तीनदा दिला! म्हातारी बाजूला होईल तर शपथ!"

न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. "न दिसलेल्या सायकलला?"

मृण्मयी बाईंशेजारी येऊन बसली. बाईंनी तिला हळूच कोपराने ढोसलं. "बघ, मेल्याच्या ओठांना अजून तूप आहे."