धार नसलेली तलवार

"ही नक्षीदार बघा, दिवाणखान्यात शोभेल," दुकानदार म्हणाला. किंमत ऐकून रंगरावांनी ती अलगद खाली ठेवली.

"साधीच दाखवा. पण पातं चांगल्या पोलादाचं हवं आणि मूठ घट्ट हवी. धार नको. पेन्शनीत बसली पाहिजे."

दुकानदाराने आतून एक काढली. म्यानाची मखमल विटली होती, म्हणून स्वस्त. रंगरावांनी ती उपसली आणि गावच्या जत्रेतलं नाटक डोळ्यांपुढे उभं राहिलं. गॅसबत्तीचा उजेड, पत्र्याच्या वाकणाऱ्या तलवारी आणि समोर शत्रूच्या वेशातला जिवलग तातोबा. "एकदा तरी खऱ्यासारखी तलवार धरायचीय गड्या," असं तो नेहमी म्हणायचा.

रंगराव तडक त्याच्या घरी गेले. आजाराने खंगलेला तातोबा उशीला टेकून बसला होता. रंगरावांनी पुढे केलेली तलवार त्याने उपसली, निरखून पाहिली आणि तिचं टोक रंगरावांच्या छातीवर टेकवलं.

"दर जत्रेला मीच मरायचो," तो म्हणाला. "आज तू मर."

रंगरावांनी छाती धरली, आरोळी ठोकली आणि ते पलंगावर कोसळले. तातोबाची सून घाबरून धावत आली, तेव्हा दोघे म्हातारे हसत हसत डोळे पुसत होते.