ओळ क्रमांक ३४०

विमान कधी येणार, एवढं विचारून नववीच्या पोराने खुर्ची सोडली.

विमान येणारच नव्हतं. खेळ विमानतळाच्या दारातला होता. प्रवाशाच्या बॅगेत काय काय आहे त्याची यादी काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायची. सगळं ठीक असलं तर 'जे' दाबायचं, म्हणजे जाऊ द्या. चाकू, रॉकेल, फटाके असलं काही दिसलं तर 'टी', म्हणजे थांबवा. अशा चाळीस बॅगा.

वृषालीने अभिप्रायाची वही त्याच्यापुढे सरकवली. त्याने उभ्याउभ्याच लिहिलं, 'यापेक्षा गृहपाठ बरा.'

सकाळपासून हेच चाललं होतं. शाळेत संगणक दोन. एकावर दहावीतल्या सम्राटची गणिताची कोडी, दुसऱ्यावर तिचा खेळ. दोन्हींतला एकच नगरला, जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात जाणार होता. तिने दोन महिने रोज शाळा सुटल्यावर थांबून तो लिहिला होता. विमानतळ तिने पाहिला नव्हता, पण श्रीरामपुरात तो पाहिलाय कुणी? सगळा खेळ तिने वर्तमानपत्रातल्या एका फोटोवरून आणि आईच्या कामावरून रचला होता.

वहीत सतरा अभिप्राय होते आणि त्यातल्या चौदांची तक्रार एकच. बॅग सोडली की प्रवासी म्हणायचा, 'धन्यवाद, बाई.' मग स्पेसबार दाबेपर्यंत तो हलायचाच नाही. पुढची बॅग अडकून राहायची. पोरं वैतागायची. सम्राट तर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "हा विमानतळ हाय का हळदीकुंकू?" दहा मिनिटं वर्ग हसत होता.

दुपारी संगणकाचे गाडेकर सर वही चाळून गेले. खेळ चांगला आहे म्हणाले, डोकं आहे त्यात. फक्त ती धन्यवादाची ओळ काढ, मग वेग येईल. पाचपर्यंत काढलीस तर तुझाच पाठवतो, नाहीतर कोडी जातील.

वृषाली लगेच हो म्हणाली. ओळ काढणं सोपं होतं. प्रोग्रॅममधल्या प्रत्येक ओळीला नंबर असायचा, हिचा ३४०. नुसता तेवढा आकडा टाइप करून एंटर दाबलं की ओळ गायब. आपण ती घातली कशाला, हेच तिला आता आठवेना. विमानतळावरची माणसं शिकलेली, ती म्हणत असतील, असं काहीतरी वाटलं असेल.

तिने ३, ४, ० दाबलं. एंटरवर बोट नेलं आणि दारात आई दिसली.

छबूबाई सूतगिरणीची पहिली पाळी संपवून तशीच आली होती. खाकी साडी, छातीवर बिल्ला, चपलांवर कापसाचे पुंजके. सुटताना बायकांची झडती घ्यायचं तिचं काम. भाकरीच्या चळतीखाली कुणी सूत दडवतं, म्हणून रोज दीडशे डबे उघडायचे, भाकरी उचलून बघायची, डबा परत द्यायचा. बायका तोंड फिरवून डबा पुढं करायच्या आणि तोंड फिरवूनच घ्यायच्या. त्यातल्या निम्म्या त्यांच्याच गल्लीतल्या. गोजरबाई तर पूर्वी तिच्याबरोबर पापड लाटायला बसायची. आता नळावर छबूबाई आली की गोजरबाईच आधी म्हणायची, चला गं, झडती आली.

आईने खेळ बघायचं कबूल केलं होतं. वृषालीने ३४० तात्पुरतं खोडलं आणि तिला खुर्चीत बसवलं. दोन बटनं दाखवली. इंग्रजी अक्षरांतलं मराठी आई एकेक अक्षर जुळवून वाचत होती. पहिल्या बॅगेला तिने विचारलं, ह्यात भाकरी लिहिलीय, तिच्याखाली कसं बघायचं? मागची दोन पोरं फिसकन हसली. तसं बघता येत नाही, वृषाली म्हणाली, लिहिलंय तेवढंच खरं धरायचं. आईने 'जे' दाबलं.

पडद्यावर धन्यवादाची ओळ उमटली. आईला ती जुळेना, म्हणून वृषालीने वाचून दाखवली आणि स्पेसबार दाबला.

मग आईचा हात बसला. दुसऱ्या बॅगेतला चाकू तिने लगेच पकडला. चौथीतलं रॉकेलही. सकाळपासून कुणी एवढं बिनचूक खेळलं नव्हतं. पण बॅग सोडली की ती थांबायची. दोन्ही हात मांडीवर घेऊन पडद्याकडे बघत राहायची. पाचव्या बॅगेला थांबली. सहाव्या बॅगेला त्याहून जास्त. मागची पोरं कंटाळून निघून गेली. घड्याळात पाचला पाच कमी होते.

सातव्या बॅगेला वृषालीला वाटलं, दमलीय, बसल्याबसल्या डोळा लागला असेल. दारातून गाडेकर सरांनी विचारलं, ओळ काढली का. वृषालीने आईच्या खांद्यावरून हात लांबवला.

"आई, स्पेसबार दाब ना. पुढची बॅग अडकलीय."

छबूबाईने तिचा हात मधेच धरला. नजर पडद्यावरून हलली नाही.

"थांब की जरा," ती म्हणाली. "ती बॅगवाली बोलतीय माझ्याशी."

वृषालीने हात मागे घेतला. दाराशी जाऊन तिने सरांना सांगितलं, नगरला कोडीच पाठवा.